विहिरीखालचा शेजारी

२०१८ सालच्या आगमनकाळात, एका शनिवारी सकाळी, आमच्या धर्मग्रामातील एक शेतकरी आम्हांला बोलवायला आला. "फादर, बोअरला पाणी लागलंय. मोटारही बसवली. आशीर्वाद द्यायला या." ते दुष्काळाचे वर्ष होते. ऑक्टोबर संपता संपता शासनाने दीडशेहून अधिक तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला होता. त्या माणसाने कर्ज काढून दोन वेळा बोअर मारला होता आणि दोन्ही वेळा नुसता फुफाटा वर आला होता. पाणाड्याने दाखविलेल्या तिसऱ्या जागी सव्वाचारशे फुटांवर पाणी लागले. आम्ही आनंदाने गेलो. मोटार सुरू होताच पाईपातून पाण्याचा जाड लोट उसळला, मुले त्याखाली नाचली, बायकांनी गीत म्हटले. आपल्या उपासनेच्या जुन्या ग्रंथात विहिरीच्या आशीर्वादासाठी प्रार्थना आहे. ती रचणाऱ्यांच्या मनात दगडी बांधणीची, दोर आणि पोहरा असलेली विहीर असणार हे उघड आहे. तरीही आम्ही तीच प्रार्थना म्हटली, पवित्र पाणी शिंपडले, चहा घेतला आणि समाधानाने परतलो.

पुढे फेब्रुवारीत एका रविवारी मिस्सा संपल्यावर एक वृद्ध विधवा भगिनी दारापाशी थांबली. तिचे शेत त्या शेतकऱ्याच्या बांधाला लागून. तिच्या सासऱ्याने हाताने खणलेली पंचेचाळीस फुटांची विहीर तिच्या दोन एकरांना पुरत असे. ती विहीर आटली होती. आजी रागावलेली नव्हती, तक्रारही करीत नव्हती. तिने एवढेच विचारले, "फादर, तुम्ही त्या पाण्याला आशीर्वाद दिला. ते पाणी माझ्याच विहिरीतलं तर नव्हतं ना?"

आम्हांला उत्तर देता आले नाही. प्रामाणिकपणे सांगायचे तर आजही देता येत नाही. त्या वर्षी पाऊसच नव्हता. बोअर मारला नसता तरी ती विहीर आटली असती, असे म्हणता येईल. काळ्या पाषाणाच्या भेगांतून कोणत्या शेताचे पाणी कोणत्या बोअरला जाते, हे वरून पाहणाऱ्याला कळत नाही. परंतु "कळत नाही" या उत्तरामागे लपता येते का, हा प्रश्न त्या दिवसापासून आमच्या मागे लागला आहे. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही मालमत्तेचा हक्क, समाजहित, न्याय यांवर निबंध लिहिले, परीक्षा दिल्या. त्या सगळ्या विद्येची कसोटी एका आजीच्या एका वाक्याने लागली.

वाचकहो, हा प्रश्न विहिरीचा असल्यामुळेच अवघड झाला आहे. नदीचा असता तर आपण तो केव्हाच सोडविला असता. आपल्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जुनी वस्ती पाहा. ती नद्यांच्या काठाने आहे. प्रवरेच्या काठी दायमाबाद, जेथे १९७४ साली काशाचा रथ आणि प्राण्यांच्या अवजड मूर्ती सापडल्या. संगमनेरजवळचे जोर्वे, ज्याच्या नावाने पुरातत्त्वज्ञ एका संपूर्ण प्राचीन संस्कृतीला ओळखतात. नेवासे, जेथे १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि जेथे १९५०च्या दशकात डॉ. सांकलियांनी उत्खनन करून साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे उजेडात आणली. नदीकाठी राहणाऱ्याला शेजारी दिसतो. वरच्या गावाने बांध घातला की खालच्या गावाचे पात्र कोरडे पडते, आणि ते दोघांनाही दिसते. मग भांडण होते, पंच बसतात, वाटणी ठरते. खानदेशात पांझरेच्या काठी चाललेली फड पद्धत ही अशाच वाटणीची जुनी रीत.

इंग्लंडचेही तसेच. तेथील नदीकाठच्या लहान गावांचा इतिहास पुष्कळसा पाणचक्क्यांचा इतिहास आहे. १०८६ साली राजा विल्यमने करविलेल्या नोंदवहीत, जिला डूम्सडे बुक म्हणतात, हजारो पाणचक्क्या लिहिलेल्या आहेत. एकाच ओढ्यावर वर एक चक्की, खाली दुसरी. वरच्याने पाणी अडविले तर खालच्याचे जाते थांबते. त्यातून तेथील न्यायालयांनी हळूहळू असे ठरविले की वाहते पाणी काठावरच्या सर्वांचे. प्रत्येकाने वाजवी वापर करावा आणि खालच्याचा प्रवाह मोडू नये. नदीकाठच्या माणसाला कायद्याने शेजारी दिला.

पण जमिनीखालच्या पाण्याबाबत त्याच न्यायालयांनी अगदी उलट निवाडा केला. १८४३ साली अ‍ॅक्टन विरुद्ध ब्लंडेल असा एक खटला निघाला. लँकेशायरमधील एका कापडगिरणीला विहिरीचे पाणी लागत असे. शेजारच्या जमिनीत कोळशाच्या खाणी खोल गेल्या आणि विहीर आटली. गिरणीवाल्याने भरपाई मागितली. न्यायालयाने ती नाकारली. जमिनीखाली झिरपणारे पाणी दिसत नाही, त्याचा मार्ग ठाऊक नसतो, म्हणून त्याला नदीचा नियम लावता येत नाही. ज्याची जमीन त्याचे त्याखालचे पाणी, आणि शेजाऱ्याची विहीर आटली तर ते त्याचे नशीब, असा त्या निकालाचा आशय होता. पुढे १८९५ साली ब्रॅडफर्ड शहराच्या पाणीपुरवठ्याचा खटला लॉर्ड्स सभागृहापुढे आला. पिकल्स नावाच्या जमीनमालकाने आपल्या जमिनीत असे खोदकाम चालविले की त्यामुळे शहराच्या झऱ्यांचे पाणी कमी होणार होते. शहराने आपली जमीन चढ्या भावाने विकत घ्यावी असा त्याचा डाव असल्याचा आरोप होता. न्यायाधीशांनी सांगितले की कृत्य कायदेशीर असेल तर त्यामागील हेतू वाईट असला तरी ते बेकायदा ठरत नाही.

हे सारे आम्ही परदेशच्या गमतीखातर सांगत नाही. इंग्रजांनी १८८२ साली आपल्याकडे जो सुविधाधिकारांचा कायदा केला, त्यात हाच विचार उतरला: ठरलेल्या प्रवाहातून न वाहणारे, आपल्या जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व हवे तसे वापरण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला आहे. लँकेशायरच्या एका गिरणीची विहीर आटली त्याचा निकाल आमच्या आजीच्या विहिरीपर्यंत येऊन पोहोचला तो असा. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांच्या रक्षणासाठी आणि २००९ साली एकूणच भूजलासाठी कायदे करून या हक्काला वेसण घातली, खोल विहिरींवर मर्यादा आणली. परंतु बोअरची गाडी रात्री येते आणि पहाटे जाते. कायद्याची वही शेताच्या बांधापर्यंत क्वचितच पोहोचते.

तेव्हा आमच्या शेतकऱ्याने पाप केले काय? त्याच्या मनात पिकल्ससारखा कपटी हेतू नव्हता. त्याला तीन मुले, कर्ज आणि वाळत चाललेली डाळिंबाची बाग होती. धर्मशिकवणीच्या वर्गात आपण महापापाच्या तीन अटी शिकतो: गंभीर विषय, पूर्ण जाण आणि पूर्ण संमती. येथे जाण कोठे होती? त्याला दोषी ठरवायचे तर आशीर्वाद देणाऱ्यालाही ठरवावे लागेल. आम्ही त्याच्याहून अधिक शिकलेले. आणि तरीही एका माणसाच्या पाण्याने दुसऱ्याची विहीर रिकामी होत असेल, तर कोणाचाही दोष नाही असे म्हणून मोकळे होणे आम्हांला जमत नव्हते. कोणीही पापी नसताना अन्याय घडतो, तो कोणी दूर करायचा?

त्या वर्षी उन्हाळ्यात आम्ही धर्मग्रामातील दहा-बारा तरुणांना घेऊन नगर तालुक्यातील हिवरे बाजारला गेलो. वाचकांपैकी अनेकांनी हे गाव पाहिले असेल, निदान नाव ऐकले असेल. तेथील प्रशंसा इतक्या वेळा छापून आली आहे की आम्ही थोडे साशंक मनानेच गेलो होतो, हेही कबूल करतो.

या गावाला मोठी नदी नाही. चोहोबाजूंना डोंगर आणि पाऊस वर्षाला चारशे मिलिमीटरच्या आसपास, पुष्कळदा त्याहूनही कमी. जुन्या काळी हे पहिलवानांचे गाव म्हणून ओळखले जाई. मग डोंगर उघडे पडले, माती वाहून गेली, १९७२चा दुष्काळ आला आणि गावाचा कणा मोडला. लोक पुण्या-मुंबईकडे मजुरीला निघून गेले. राहिलेल्यांत दारूच्या भट्ट्या आणि मारामाऱ्या. तेथे बदली होणे म्हणजे शिक्षा असे सरकारी नोकर समजत. १९८९च्या अखेरीस गावातील तरुणांनी पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणाला सरपंचपदासाठी पुढे केले. जवळच पारनेर तालुक्यात राळेगणसिद्धीचे उदाहरण डोळ्यांसमोर होतेच. १९९४ साली हिवरे बाजार राज्याच्या आदर्श गाव योजनेत आले. डोंगरउतारावर सलग समतल चर खणले गेले, बांध घातले गेले, झाडे लावली गेली. १९९५ साली गावातील १८२ कुटुंबांपैकी १६८ दारिद्र्यरेषेखाली होती असे गावाची माहिती सांगते. काही वर्षांतच ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी झाली आणि बाहेर गेलेली चाळीसच्या आसपास कुटुंबे परत आली. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली.

इतके सर्वांना ठाऊक असते. पाहुणे चर पाहतात, बंधारे पाहतात, छायाचित्रे काढतात. आमचे तरुणही तेच करीत होते. आमचे मन मात्र दुसऱ्याच गोष्टीत अडकले. चर खणणे हे कष्टाचे काम खरे, परंतु कष्ट करायला आपला शेतकरी कधी भीत नाही. अवघड गोष्ट पाणी वाढल्यानंतर सुरू होते. पाणी वाढले की ऊस लावावासा वाटतो. एकाने लावला की दुसऱ्याला वाटते. विहिरी खोल होतात, बोअर येतात आणि दहा वर्षांच्या श्रमदानाने जमविलेले पाणी दोन वर्षांत उपसले जाते. असे झालेली गावे आमच्या पाहण्यात आहेत. नावे सांगत नाही. हिवरे बाजारने ठरविले की शेतीसाठी बोअर मारायचा नाही, ऊस आणि केळी लावायची नाहीत, जमीन गावाबाहेरच्याला विकायची नाही. दरवर्षी पावसाळा सरल्यावर ग्रामसभेपुढे पाण्याचा ताळेबंद मांडला जातो: पाऊस किती पडला, जमिनीत किती मुरला, माणसांना आणि जनावरांना पिण्यासाठी किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसेल. पाऊस कमी तर त्या वर्षी जास्त पाण्याचे पीक नाही, मग विहीर कोणाचीही असो.

म्हणजे त्या गावाने अ‍ॅक्टन आणि ब्लंडेलचा निकाल आपल्यापुरता फिरविला. जमिनीखालचे पाणी त्यांनी नदीसारखे मानले आणि आपण सर्व तिच्या काठी राहतो असे धरले. भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने जमिनीखाली नदी वाहते असे म्हणणे बरोबर नाही हे आम्ही जाणतो. पाणी दगडाच्या भेगांत आणि मुरुमात साठलेले असते. परंतु न्यायाच्या दृष्टीने ती नदीच होय. दिसत नाही म्हणून शेजारी नाही, हा इंग्रज न्यायाधीशांचा तर्क त्या खेड्याने मानला नाही, आणि दिसत नाही ते पाणी दरवर्षी मोजून सर्वांपुढे मांडले.

येथे कोणी विचारील, आणि आमच्यासोबतच्या एका तरुणाने परतीच्या एस.टी.त विचारलेच, "फादर, माझ्या शेतात मी काय लावायचं हे गाव कोण ठरवणार? ही जबरदस्ती नाही का?" प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. विसाव्या शतकात सामुदायिक हिताच्या नावाखाली काही देशांत शेतकऱ्यांवर जे अत्याचार झाले ते आपण विसरलेलो नाही. पवित्र चर्चने १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकापासून खाजगी मालमत्तेच्या हक्काचे सातत्याने समर्थन केले आहे. गरिबाची दोन एकर जमीन हेच त्याच्या स्वातंत्र्याचे कुंपण असते.

पण त्याच परंपरेत दुसरी बाजूही आहे आणि ती आपण प्रवचनांत कमी सांगतो. संत थॉमस अक्विनास मालमत्तेसंबंधी दोन गोष्टी वेगळ्या करतात. वस्तू मिळविणे, सांभाळणे, तिची व्यवस्था पाहणे यासाठी ती माझी असणे योग्य आहे, कारण माणूस स्वतःच्या वस्तूची अधिक काळजी घेतो. वापराच्या बाबतीत मात्र माणसाने ती सर्वांची असल्यासारखी धरावी आणि दुसऱ्याला गरज पडताच वाटून घेण्यास तयार असावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेच पुन्हा सांगितले की देवाने पृथ्वीवरील साधनसंपत्ती साऱ्या मानवजातीसाठी निर्माण केली आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याचे शुद्ध पाणी मिळणे हा मूलभूत मानवी हक्क असल्याचे ठामपणे मांडले. आणि कायदा कशास म्हणावे याविषयीही संत थॉमस यांची कसोटी आहे: तो विवेकाला धरून असावा, सर्वांच्या हितासाठी असावा, समाजाची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याने केलेला असावा आणि सर्वांना जाहीर केलेला असावा. ग्रामसभेच्या ठरावाला ही कसोटी लावली तर तो उतरतो असे आम्हांस वाटते. शिवाय ठराव करणारे स्वतःच त्याने बांधले जातात, पुढाऱ्याच्या विहिरीला सूट नसते. जबरदस्तीत बहुधा हेच नसते. एस.टी.तल्या त्या तरुणाला आम्ही इतके सारे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मग म्हणाला की आपल्या गावात ग्रामसभेला पंधरा माणसेसुद्धा येत नाहीत. यावर आमच्याकडे अक्विनास नव्हते.

हिवरे बाजारातील प्रत्येक गोष्ट आम्हांला पटली असे नाही. आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत श्रमदान, नशाबंदी, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी यांच्या जोडीला नसबंदी आहे. कॅथॉलिक नीतिशिकवणीनुसार हे पाचवे सूत्र आपल्याला स्वीकारता येत नाही आणि चांगल्या गावाचे कौतुक करताना ते झाकून ठेवणेही बरे नव्हे. बाहेरच्याला जमीन विकायची नाही या नियमाबद्दल आमचे मन दोन्हीकडे ओढले गेले. एकीकडे नाबोथाची आठवण होते. अहाब राजाने मोल देऊ केले तरी त्याने वाडवडिलांचा द्राक्षमळा विकला नाही आणि त्यापायी प्राण गमावले. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात तर जमीन कायमची विकू नये, कारण ती परमेश्वराची आहे, असाच विचार आहे. वसईकडच्या आपल्या बांधवांना या नियमाचे मोल सांगावे लागणार नाही. वाड्या विकल्या गेल्या आणि मागोमाग विहिरींचे पाणी टँकरांनी गेले हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पण दुसरीकडे, परक्याला थारा द्या असे सांगणाराही तोच ग्रंथ आहे. आपल्या मराठी ख्रिस्ती समाजातील कित्येक घरांचे आजे-पणजे ज्या गावात राहिले तेथे ते 'बाहेरचे'च होते, शिवेच्या आत असूनही. म्हणून 'गावकरी' या शब्दाच्या आत कोण येतो हे आम्ही तेथे बारकाईने पाहत होतो. त्या गावात एकच मुसलमान कुटुंब असून त्याच्यासाठी गावाने मशीद बांधून दिली, ही गोष्ट आम्हांला चरांपेक्षाही मोलाची वाटली.

आणि भूमिहीनाचे काय? पाणी वाढले की शेत त्याचेच भिजते ज्याला शेत आहे. बाकीच्यांना मजुरी मिळते, डोंगरावरचे गवत मिळते, दुधाचा धंदा करता येतो. हेही थोडे नव्हे. परंतु पुरंदर तालुक्यातील नायगावला १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीची जी रीत घातली तीत पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरविता माणशी ठरविला, माणशी अर्धा एकर भिजेल इतका, आणि त्यात भूमिहीनालाही हक्क दिला. न्यायाच्या तराजूत नायगावचा विचार अधिक खोल गेला असे आमचे मत आहे. तो टिकविणे मात्र फार कठीण, हे अनुभवाने दिसले.

आपल्या समाजाने या कामात काही केलेच नाही असे कोणी समजू नये. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर हर्मन बाखर यांनी आपले उभे आयुष्य याच नगर जिल्ह्याला वाहिले. १९९०च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम आणि १९९३ साली स्थापन झालेली 'वॉटर' ही संस्था यांतून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो गावांत माथा ते पायथा पाणलोटाची कामे उभी केली. ते गावाला आधी श्रमदान करायला लावीत, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करायला लावीत, मगच निधी. २०२१ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी पाण्याला आशीर्वाद देण्याआधी गावाला एकत्र बसवले. आम्ही मात्र पवित्र पाण्याची बाटली घेऊन थेट बोअरवर गेलो होतो.

एक गोष्ट मात्र तरुणांना दूषणे देण्याआधी आठवायला हवी. ऊस म्हणजे पाप अशी सोपी भाषा आपल्या जिल्ह्यात तरी करता येणार नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांतून फिरले, साखर कारखाने आले. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना निघाला. हरेगाव, श्रीरामपूर, राहाता या पट्ट्यात आपल्या कितीतरी कुटुंबांची चूल उसाच्या मजुरीवर पेटली, त्यातूनच मुले शिकली, त्यातलीच काही धर्मगुरू आणि धर्मभगिनी झाली. आम्ही स्वतः त्या पाण्याचे ऋणी आहोत. नदीचे पाणी मोजून, वेळापत्रकाने, पाळीपाळीने मिळत होते. त्यावरची भांडणेही उघड्यावर होत होती. ज्या गावांना कालवा मिळाला नाही त्यांनी तोच ऊस, तीच बागायत विहिरीवर आणि मग बोअरवर करू पाहिली, आणि तेथे पाळी कोणी लावली नाही.

उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात इसहाकाच्या विहिरींची कथा आहे. पलिष्ट्यांनी बुजविलेल्या बापाच्या विहिरी त्याने पुन्हा उकरल्या. त्याच्या चाकरांना जिवंत पाण्याचा झरा लागला तेव्हा गरारचे गुराखी भांडायला आले. इसहाकाने ती विहीर सोडली आणि दुसरी खणली. तीवरही भांडण झाले. तीही सोडून तो पुढे गेला, तिसरी खणली आणि तीवर कोणी भांडले नाही. लहानपणी हा इसहाक आम्हांला थोडा दुबळा वाटे. आता वाटते की त्याच्याजवळ एक सोय होती जी आमच्या शेतकऱ्याजवळ नाही: पुढे सरकायला मोकळी जमीन. आमचा शेतकरी पुढे सरकू शकत नाही म्हणून तो खाली सरकतो. दोनशे फूट, चारशे फूट, सहाशे फूट. आणि खाली सरकणाऱ्याच्या मागे जो राहतो तो नेहमी गरीबच असतो, कारण त्याच्याकडे तेवढ्या खोलीचे पैसे नसतात.

आजीच्या प्रश्नाचे पुढे काय झाले हे सांगायला हवे. आम्ही त्या शेतकऱ्याकडे गेलो. तो चिडला नाही. त्याने त्याच आठवड्यात आजीच्या घरापर्यंत पाईप टाकून पिण्याचे पाणी दिले आणि अजूनही देतो. शेतासाठी मात्र देता येत नाही, कारण बोअरचे पाणीही एप्रिलात तासाभरात खंडू लागले होते. २०१९च्या परतीच्या पावसात आजीची विहीर पुन्हा भरली. तोवर तिचा मुलगा चाकणला कारखान्यात कामाला लागला होता. शेतात आता बाजरी होते, तीही वाट्याने दुसरा माणूस करतो.

तेव्हापासून आम्ही एक नियम स्वतःपुरता केला आहे. बोअरच्या आशीर्वादाला बोलावणे आले की आम्ही सांगतो, बांधाला बांध असलेल्या सगळ्या शेजाऱ्यांना बोलवा, ते आले की आम्ही येतो. दोन ठिकाणांहून पुन्हा निरोप आला नाही. एका ठिकाणी शेजारी आले, चहा झाला आणि एक म्हातारा, जो आपल्या धर्माचाही नव्हता, उठून म्हणाला की मोटार किती तास चालवायची ते आधी ठरवू, मग फादरांनी काय ते म्हणावे. त्यावरून बोलणे सुरू झाले. तीन तास, चार तास, रात्रीची लाईट असली तर काय, उन्हाळ्यात किती, पावसाळ्यात किती. अंधार पडेपर्यंत काही ठरले नाही. आम्ही पवित्र पाण्याची बाटली तशीच परत आणली आणि पुढच्या गुरुवारी पुन्हा बसायचे असे सांगून निघालो.